जय जवान, जय वॉचमन

खराडी, बाणेर, हिंजवडी, कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या गेटवरच्या सिक्युरिटी सुपरवायझरला एकदा गाव विचारून बघा. खटाव, कोरेगाव, पारनेर, शिराळा असं काहीतरी उत्तर येईल. त्यांतले बरेच जण पुढे हेही सांगतील की आपण फौजेत होतो. वय चाळिशीच्या आसपास. सियाचीन, राजस्थान, आसाम करून आलेला माणूस तुमच्या डिलिव्हरीवाल्याचा ओटीपी तपासत उभा असतो. आपल्याला त्यात काही खटकत नाही. उलट कमिटी ग्रुपवर अभिमानानं लिहिते, ‘आता आपल्याकडे एक्स-आर्मी गार्ड आहेत.’

लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली ‘जय जवान, जय किसान’ची घोषणा दिली. घोषणेत ती दोन माणसं आहेत. आमच्या सातारा-सांगलीकडे ती बहुतेक एकाच घरात राहतात, पुष्कळदा एकाच अंगात. सातारा जिल्ह्यातल्या एका अपशिंगे गावाच्या नावापुढे तर ‘मिलिटरी’ लागलेलं आहे, आणि त्या मिलिटरी गावातही लोक शेतीच करतात. तरीही फौजेतून सुटलेल्या माणसाला शेतीत उभं करायचा विषय निघाला की आपली व्यवस्था त्याच्या हातात काही आठवड्यांच्या कोर्सचा दाखला ठेवते. मग तो गेटवर येतो. माझं भांडण त्या कोर्सशी आहे, आणि त्याहून जास्त त्यामागच्या समजुतीशी.

देशात दरवर्षी साठेक हजार सैनिक निवृत्त होतात. त्यांच्या पुनर्वसनासाठी संरक्षण मंत्रालयाचं महासंचालनालय आहे, ते निवृत्तीआधी प्रशिक्षण देतं. त्यात सुरक्षा, व्यवस्थापन, संगणक यांच्या जोडीला शेती आणि दुग्धव्यवसायही असतो. म्हणजे काहीच नाही असं नाही. पण शेतीला हंगाम असतो आणि कोर्सला आठवडे असतात. बारा आठवड्यांत कोथिंबीर दोनदा निघते, तूर एकदाही निघत नाही. आडसाली ऊस तर दीड वर्ष रानात उभा असतो. ज्यानं एक पेरणी चुकताना पाहिली नाही, दुबार पेरणीला बी कुठून आणायचं हे ज्याच्यावर गुदरलं नाही, त्याला दाखला देऊन आपण नेमकं काय प्रमाणित केलं?

माझे वडील, आप्पा, बॉम्बे सॅपर्सचे. म्हणजे खडकीचे. सतरा वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून सुटले. सुटताना त्यांनीही असा एक कोर्स केला. त्यात गांडूळखत होतं, मशरूम होतं आणि पॉलिहाऊस होतं. आमचं रान खटाव तालुक्यात आहे. दिवसा वीज येईल याचा भरवसा नाही आणि विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते. तिथे पॉलिहाऊस! सातबाऱ्यावर पाच नावं. ठिबकच्या अनुदानाला सगळ्या खातेदारांची संमती लागते, आणि त्यांतल्या एका काकांशी बांधावरून बोलणं बंद. गांडूळखताचा वर्ग उत्तम झाला असेल, पण सामाईक खात्यातून आपला हिस्सा कसा फोडून घ्यायचा, विहिरीची पाळी कागदावर कशी आणायची, हे त्या बारा आठवड्यांत कुणी काढलं नाही. सतरा वर्षं घराबाहेर राहिलेल्या माणसाचा शेतीतला पहिला प्रश्न मातीचा नसतोच, भावकीचा असतो. दोन वर्षांनी आप्पा पुण्यात आले आणि एका सोसायटीच्या गेटवर उभे राहिले. दाखला लॅमिनेट करून अजून कपाटात आहे.

त्या दाखल्यात आणखी एक चूक आहे, आणि ती मला जास्त लागते. त्यावर नाव आप्पांचं आहे. शेती आईनं केली होती.

फौजीच्या घरात हे सगळीकडे असंच असतं. नवरा पोस्टिंगवर, सासू-सासरे थकलेले, मुलं लहान. शाळूची पेरणी कधी, हरभऱ्यावर घाटेअळी कधी पडते, म्हैस कुणाकडून घ्यायची, कुणाचा ट्रॅक्टर वेळेवर येतो, खळ्यावर किती पोतं निघालं, सगळं तिच्या डोक्यात. बियाण्याचं मडकं राख घालून झाकून ठेवणारी ती. आज जिला आपण ‘शाश्वत शेती’ म्हणतो त्यातलं निम्मं ती पैसे नसल्यामुळे करत होती. आणि नवरा परत आला की सरकारच्या लेखी शेतकरी कोण? तो. कोर्सला जाणार कोण? तो. एकदा मी आप्पांना विचारलं, “तुम्ही कोर्सला गेलात तेव्हा आईला का नाही नेलं?” ते म्हणाले, “अगं, युनिटचा कोर्स होता, बायकांचा नव्हता.” जोडप्याला मिळून न दिलेलं शेतीचं प्रशिक्षण म्हणजे ज्याला रान माहीत नाही त्याला शिकवायचं आणि जिला माहीत आहे तिला घरी बसवायचं.

मग फौजीनं शेती करावीच का? मला यात देशभक्ती वगैरे आणायची नाही. कारण रोकडं आहे.

रासायनिक खतांवरची शेती सोडताना पहिली दोन-तीन वर्षं उत्पन्न बहुधा घटतं. सेंद्रिय प्रमाणपत्र घ्यायचं तरी हंगामी पिकांना दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं रूपांतराची काढावी लागतात. तेवढा काळ माल सेंद्रिय म्हणून विकताही येत नाही. महाराष्ट्रात सरासरी धारणाक्षेत्र २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर. एवढ्या रानावर विकास सोसायटीचं कर्ज, घरात एखादं दुखणं, मुलीची फी. हा माणूस तीन वर्षं उत्पन्न कमी करून घेईल? तो युरियाचं पोतं फोडणारच, आणि त्याला शहाणपण शिकवणाऱ्या पुण्याच्या वीकेंड-फार्मवाल्यांचा मला राग येतो.

माजी सैनिकाचं तसं नाही. त्याला महिन्याच्या महिन्याला पेन्शन येते. २००३ पासून ईसीएचएस आहे, म्हणजे आजारपणात रान गहाण पडत नाही. आणि तो अडतीस-चाळीस वर्षांचा आहे. (निवृत्त शिक्षकालाही पेन्शन असते, पण त्याचे गुडघे तोवर साठीला आलेले असतात.) राज्यातल्या छोट्या शेतकऱ्यांमध्ये नुकसान सोसून जमीन सुधारण्याची ऐपत असलेला जवळजवळ एकटा हाच वर्ग. मातीत सेंद्रिय कर्ब वाढवायचा, ऊस सोडून कडधान्यं घ्यायची, बांधावर झाडं लावायची, तर सुरुवात करायला याच्याइतका सोयीचा माणूस सापडणार नाही. आणि त्याला आपण गेटवर ठेवलंय.

हे स्वप्नरंजन नाही, पुण्यापासून दोन-अडीच तासांवर झालेलं आहे. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे तुम्हाला लोकपालामुळे माहीत असतील. त्याच्या साडेतीन दशकं आधी, १९७५ मध्ये, ते लष्करातला ट्रकचालक म्हणून निवृत्त होऊन पारनेर तालुक्यातल्या या कमी पावसाच्या गावात परतले. पेन्शन हाताशी होती, संसार नव्हता. पाणलोटाचं काम त्यांना कुठल्या दाखल्यानं आलं नाही. त्यांच्याआधी विलासराव साळुंखे या पुण्याच्या इंजिनिअर-उद्योजकानं १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली होती. पाणी जमिनीच्या आकारावर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचं, भूमिहीनालाही त्यात हक्क, आणि ऊस लावायचा नाही. राळेगणच्या पाणलोटाला हा अनुभव कामाला आला. पुण्याचं तंत्र, फौजेतून सुटलेला माणूस आणि त्याचं स्वतःचं गाव, एवढ्यावर नालाबांध, पाझर तलाव उभे राहिले.

त्या गोष्टीतलं सगळंच उचलावं असं मात्र मी म्हणणार नाही. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचं अण्णांनी स्वतः सांगितलं आहे. गाव म्हणजे प्लाटून नव्हे. फौजेची शिस्त रानात उपयोगी पडते, पण ग्रामसभेत ती आवरावी लागते, आणि हेही शिकवण्याचा विषय आहे. कुठल्या कोर्समध्ये तो असेल असं मला वाटत नाही.

आता पुण्याकडे बघा. खडकीला सॅपर्सचं केंद्र. तिथल्या जवानाला लेव्हल लावता येते, माती हलवता येते, पाण्याची सोय करता येते. सलग समपातळी चर आखायला याहून वेगळं काय लागतं? तिथून काही किलोमीटरवर शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय, त्याचं एवढं मोठं रान. घोरपडीला युद्धस्मारकासमोर राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालय. खडकीतच जखमी सैनिकांना नवा व्यवसाय शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, १९१७ पासूनची. म्हणजे सैनिकाला दुसरं आयुष्य शिकवायची कल्पना या शहराला शंभर वर्षं जुनी आहे. पण माजी सैनिकांसाठी राज्यानं जे महामंडळ काढलं, त्या मेस्कोची ओळख सुरक्षारक्षक पुरवणारी संस्था अशीच झाली.

लष्कराकडे तर स्वतःची शेतं होती. पहिला मिलिटरी फार्म १८८९ साली अलाहाबादला निघाला. मग देशभर पसरले, पिंपरीतही होता. सुमारे २०,००० एकर जमीन, चाऱ्याची शेती, दुधाचा हिशेब, फ्रिजवाल नावाची संकरित गायींची जातसुद्धा याच फार्मांवर तयार झाली. ३१ मार्च २०२१ ला सगळे बंद. दूध बाहेरून स्वस्त मिळतं, हे कारण हिशेबाला बरोबर असेल. पण दूध बाहेर मिळतं म्हणून शाळाही बंद करायची? दोन-चार फार्म सुटणाऱ्या जवानांच्या प्रशिक्षणाला ठेवता आले असते. आणि लष्कराला माजी सैनिकांकडून जमिनीचं काम करून घेता येत नाही असंही नाही. टेरिटोरियल आर्मीच्या इकॉलॉजिकल बटालियन १९८२ पासून नेमकं तेच करताहेत. मसुरीच्या खाणींनी उघडे पडलेले डोंगर त्यांनी हिरवे केले. मराठवाड्यासाठीही महार रेजिमेंटशी जोडलेली अशी बटालियन आहे. फक्त त्यांनी झाडं सरकारच्या जमिनीवर लावली. स्वतःच्या रानासाठी तेवढी वर्षं त्याच माणसाच्या मागे कुणी उभं राहत नाही.

अमेरिकेनं १९४४ च्या जीआय बिलाखाली हे केलं होतं. कॉलेजला गेलेल्या सैनिकांच्या गोष्टी आपण ऐकतो. पण त्याच कायद्याखाली सुमारे ६ लाख ९० हजार जणांनी शेतीचं प्रशिक्षण घेतलं. वर्गात तास, शिक्षकाची शेतावर फेरी, आणि शिकणाऱ्याला निर्वाह भत्ता. दक्षिणेतल्या काळ्या सैनिकांना त्या कायद्याच्या लाभांपासून मोठ्या प्रमाणात डावललं गेलं, हेही खरं.

आपल्याकडे डावलायला वेगळं काही करावं लागत नाही, कायदाच पुरतो. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. कूळकायद्याचं कलम ६३. हेतू चांगला होता. पण भूमिहीन घरातून महार रेजिमेंटमध्ये गेलेला जवान निवृत्तीचे पैसे घेऊन आला तर तो कायद्यानं शेतकरी नाही. सरकारी जमिनीच्या वाटपाचे १९७१ चे नियम माजी सैनिकाला प्राधान्य देतात खरे. आता तशी जमीन उरली किती, आणि उरली त्यात माती किती, हे तलाठ्याला विचारावं.

काही जण म्हणतील, फौजीलाच गेट हवं असतं. पगार येतो, मुलं पुण्यात शिकतात. हे मी घरात पाहिलंय आणि मला ते मान्य आहे. मी स्वतः त्या गेटच्या पगारावर शिकले. वॉचमन असण्यात कमीपणा नाही. पण दुसरी वाट बारा आठवड्यांत गुंडाळून टाकायची आणि मग म्हणायचं की बघा, त्यानं स्वतःच गेट निवडलं, याला निवड म्हणत नाहीत. नवरा-बायको दोघांना, स्वतःच्याच रानावर, दोन वर्षं. सहा हंगाम. शिक्षक महिन्यातून एकदा बांधावर. आणि पहिल्या दिवसाचा पहिला तास सातबाऱ्याचा, तलाठी आणि वकील समोर बसवून. एवढं दिल्यावर कुणी गेटवर आला तर खुशाल यावं.

आणि आता तर ती पेन्शनही जाणार आहे. अग्निपथ योजना २०२२ ची. चार वर्षं नोकरी, चारांतला एकच पुढे कायम. बाकीच्या तिघांना साधारण ११.७१ लाखांचा सेवानिधी मिळतो. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. ज्या दोन आधारांवर मी वर सगळा युक्तिवाद उभा केला, ते दोन्ही यांच्याकडे नसतील. पंचविशीच्या आतबाहेरची ही मुलं गावी येतील तेव्हा त्यांची अवस्था इतर छोट्या शेतकऱ्यासारखीच असेल, फक्त खात्यात एकदाच आलेली रक्कम असेल आणि ती मागायला सगळे असतील. यांना दोन वर्षांचा निर्वाह भत्ता दिल्याशिवाय शाश्वत शेतीचं नावही काढू नये.

पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीला आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाली. म्हणजे तिच्यातल्या सुटणाऱ्यांचा पहिला खरीप जून २०२७ चा. त्यासाठी नांगरट एप्रिल-मेमध्ये व्हायला हवी, बी त्याआधी घरात हवं, आणि सातबाऱ्यावरचा हिस्सा त्याच्याही आधी वेगळा झालेला हवा. मोजणीचा अर्ज टाकल्यावर मोजणीवाला किती महिन्यांनी येतो, ते आप्पांना विचारा.