त्रेसष्टचे छत्तीस का होतात?

उचगावातल्या आई-बाबांनो, आजी-आजोबांनो,

संध्याकाळी तुम्ही अंक सांगता, "त्रेसष्ट." पोरगं लिहितं 36. लगेच आपला आवाज चढतो, "लक्ष कुठं असतं तुझं?" खरं तर त्याचं लक्ष होतं, म्हणूनच ते चुकलं. 'त्रे' आधी ऐकू आलं, म्हणून तीन आधी लिहिले. 'सष्ट' नंतर आलं, म्हणून सहा नंतर. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. हा घोळ भाषेतला आहे, पोराच्या डोक्यातला नाही.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'सोबत 'साठ तीन' असं वाचायची रीतही आली, तेव्हा राज्यभर टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या, की जोडाक्षरांच्या अवघड नावांमुळे लहान मुलं अंकांना बिचकतात. ती रीत तुम्हाला पटो वा न पटो, पोर कुठं अडतंय ते आधी बघायचं, एवढं तरी त्यांच्याकडून घेऊया.

आज एवढंच करा. दहाच्या सहा नोटा आणि रुपयाची तीन नाणी पोरापुढं ठेवा. मोजू द्या, मग लिहू द्या. नंतर म्हणा, "आता छत्तीस करून दाखव." ते तीन नोटा बाजूला काढेल, आणखी तीन नाणी मागेल. दोन्ही अंकांतला फरक त्याच्या हातालाच कळेल.

उत्तर बरोबर असो वा चूक, "कसं काढलंस?" हे विचाराच. फक्त चुकल्यावर विचारलंत, तर तो प्रश्नही रागावल्यासारखा वाटतो. पाढे पाठ हवेतच, पण शिक्षा म्हणून नकोत.

आणि पोरांसमोर "आमच्या घरात गणित कुणालाच आलं नाही" असं म्हणू नका. ते खरंही नाही. गांधीनगरच्या दुकानात मीटरवर कापडाचा हिशेब कोण करतं? डेअरीची चिठ्ठी हातात आली की लिटर आणि दर बघून बिल कोण पडताळतं? उद्या ती चिठ्ठी पोराच्या हातात द्या, बेरीज त्याला करू द्या. वेळ लागेल. लागू द्या.

उद्या पुन्हा 36 लिहिले, तर ओरडू नका. "तीन आधी ऐकू आले ना?" असं विचारा. ते मान हलवेल आणि स्वतःच खोडरबर शोधायला लागेल.