गळकी टाकी आणि दुरुस्तीचा हक्क

एप्रिल-मे महिन्यांत बोरघाटाच्या किंवा कसाऱ्याच्या चढणीवर बॉनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या मोटारी दिसतात. त्यांतील काहींचे दुखणे अगदी किरकोळ असते. कूलंटच्या प्लास्टिकच्या टाकीला केसाएवढी चीर जाते, थेंब थेंब गळती लागते आणि चढणीवर इंजिन तापते. हप्त्यांवर जुनी मोटार घेतलेला शिक्षक वा कारकून ती गॅरेजात नेतो, तेव्हा त्याला ठरावीक उत्तर मिळते: "ही दुरुस्त होत नाही, बदलावी लागेल." हे उत्तर कितपत खरे, हे तपासण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती नसते.

जुन्या मोटारींचे रेडिएटर पितळ-तांब्याचे असत. गळती लागली की नाक्यावरचा कारागीर डाग देई आणि मोटार पुन्हा रस्त्यावर येई. प्लास्टिक आले ते वजन व खर्च वाचविण्यासाठी, आणि त्यात गैर काही नाही. परंतु पुष्कळशा टाक्या ज्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, त्याच्या पृष्ठभागावर नेहमीची चिकटद्रव्ये टिकाव धरीत नाहीत. म्हणूनच घाईघाईने थापलेले इपॉक्सीचे लुकण थंड इंजिनावर पक्के वाटते आणि चार वेळा तापले-निवले की पापुद्र्यासारखे सुटते. अशा थापेबाजीला दुरुस्ती म्हणणे ही ग्राहकाची फसवणूक होय. रस्त्यावरच्या कारागिरांचे गोडवे गाणाऱ्यांनीही हे मान्य करावयास हवे.

तेच प्लास्टिक उष्णतेने मात्र सांधता येते. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडून तिची वाढ थांबवावयाची, टाकी धुऊन वाळवावयाची, चिरेवर खाच काढावयाची आणि त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी तापवून ती खाच भरावयाची, एवढीच ती कृती. प्लास्टिकच्या फुटक्या बादल्या सांधून देणारे फिरते कारागीर तरी याहून फारसे वेगळे काय करीत?

तथापि प्रत्येक टाकी सांधण्याजोगी नसते. दाबाचे झाकण रेडिएटरवर असून टाकीत केवळ उतू आलेले कूलंट साठत असेल, तर टाकीवर दाब येत नाही. नीट सांधलेली अशी टाकी खुशाल वापरावी. दाबाचे झाकण टाकीवरच असेल तर गोष्ट निराळी. वातावरणाइतका जादा दाब मिळाला की पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. याच तत्त्वाचा तेथे उपयोग केलेला असतो आणि तो दाब टाकीच्या भिंतींना सोसावा लागतो. तेथे सांधा उकलला तर कढत द्रव उडून माणूस भाजेल, नाहीतर भर घाटात सिलिंडरहेड वाकेल. शिवाय वर्षानुवर्षांच्या उष्णतेने पिवळी व ठिसूळ झालेली टाकी एके ठिकाणी सांधली तर दुसरीकडे तडकते. ती बदललीच पाहिजे.

म्हणजे गॅरेजाचे उत्तर कधी खरे असते, कधी नसते. आणि बदलणे अटळ असेल तेव्हाही सुटा भाग सर्वत्र सहज मिळतो असे नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुली न ठेवल्याबद्दलच. पुढे अपिले झाली. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला या विषयाचे पोर्टल सुरू झाले व मोटारींचाही त्यात समावेश झाला. माहिती एके ठिकाणी आली हे चांगलेच. पण पोर्टल म्हणजे बंधन नव्हे.

बंधन हवे, आणि ते फार जाचकही नाही. प्लास्टिकची जात सांगणारी अक्षरे टाकीवर पुष्कळदा उठविलेली असतातच. तेथेच ती दाबाची की बिनदाबाची, हेही उठवावे. टाकी, झाकण आणि नळी स्वतंत्रपणे, छापील किमतीला विकण्याची सक्ती करावी. झाकणाचा स्वतंत्र उल्लेख मुद्दाम केला आहे. त्याचे रबर झिजले म्हणजे गळतीचे खापर बिचाऱ्या टाकीवर फुटते. मग नवी टाकी बसते, तिच्यावर तेच जुने झाकण चढते, आणि आठवड्याभरात मोटारीखाली पुन्हा हिरवा ओघळ दिसू लागतो.