गृहविज्ञान : दाराचे कुलूप आणि बिनतारी लहरी

कुलूप ही मोठ्या विश्वासाची वस्तू आहे. बाहेर पडताना आपण ते लावतो, एकदा ओढून पाहतो आणि निश्चिंत मनाने वाटेस लागतो. अलीकडे शहरांतील पुष्कळ घरांच्या दारांवर किल्लीवाचून उघडणारी ‘स्मार्ट’ कुलुपे दिसू लागली आहेत. बोटाचा ठसा, अंकांचा संकेत किंवा मोबाइलचा संदेश यांपैकी कोणत्याही खुणेने ती उघडतात. ही केवळ हौसेची वस्तू आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तिची खरी कसोटी अडचणीच्या वेळी लागते.

जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेली अनेक मराठी कुटुंबे आहेत. त्यांतील कित्येकांची मुले नोकरीनिमित्त पुण्यास किंवा बंगळुरूस गेली आहेत आणि घरी वृद्ध आईवडील तेवढे राहिले आहेत. समजा, घरी एकट्या असलेल्या आईचा न्हाणीघरात पाय घसरला. हाक ऐकून शेजारी धावत आले. पण दार बंद! अशा वेळी पुण्यातील मुलाने मोबाइलवरून कुलूप उघडले, तर दार फोडावे लागत नाही आणि मोलाची मिनिटे वाचतात. मात्र त्याच क्षणी ‘कुलूप संपर्काबाहेर आहे’ असा निरोप मोबाइलवर उमटला, तर त्या कुलपाचा उपयोग काय?

मुलाचा हा संदेश दारापर्यंत कसा पोहोचतो, ते प्रथम पाहू. मोबाइलवरून निघालेली आज्ञा आंतरजालाच्या मार्गाने कुलूप बनविणाऱ्या कंपनीच्या संगणकाकडे जाते, तेथून आपल्या घरातील राउटरकडे येते आणि राउटरपासून बिनतारी लहरींवाटे कुलपात शिरते. काही कुलुपे केवळ ब्लूटूथ जाणतात. त्यांच्यासाठी मध्ये एक लहानसा दुवा, म्हणजे ‘गेटवे’, लावावा लागतो. पुणे ते जबलपूर हे शेकडो मैलांचे अंतर संदेश क्षणार्धात तोडतो आणि आपल्याच बैठकीपासून दारापर्यंतच्या वीस-पंचवीस फुटांत अडखळतो. नवल वाटेल, पण बहुतेक तक्रारींचे मूळ या शेवटच्या टप्प्यातच असते.

भिंतीपलीकडे लहरी पाठविण्याचा प्रयोग आपल्या देशास नवा नाही. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात सर्वांसमक्ष अदृश्य लहरींच्या साहाय्याने दूर अंतरावरील घंटा वाजवून दाखविली होती. आपल्या कुलपातील लहरी त्याच कुळातल्या. बहुतेक कुलुपे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीपेक्षा थोडी अधिक असते. भारतात २००५ सालापासून हा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवान्यावाचून वापरता येतो. म्हणूनच शेजाऱ्यांचे वायफाय, मुलांचे ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी ही सारी याच पट्ट्यात गर्दी करतात.

या लहरींचे दोन गुणधर्म ध्यानात ठेवावेत. पहिला असा की, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती चौथाई होते. दुसरा असा की, वाटेत येणारा प्रत्येक पदार्थ आपापला कर वसूल करतो. लाकूड आणि काच थोडा घेतात. विटांची भिंत अधिक घेते. पाणी पुष्कळ शोषून घेते. आणि लोखंडाचा पत्रा तर लहरींस परतच पाठवितो. जुन्या जबलपुरातील घरांच्या भिंती जाडजूड आहेत. नव्या इमारतींत सळयांचे काँक्रीट असते, आणि २२ मे १९९७ रोजी पहाटे झालेला भूकंप ज्यांनी अनुभवला, ते त्या सळयांचे महत्त्व जाणतात. त्या असल्याच पाहिजेत. परंतु लहरींच्या दृष्टीने सळयांची जाळी हा अडसरच होय. त्यातच दर्शनी दार लोखंडी असेल आणि पुढे जाळीचा दरवाजा असेल, तर कुलूप जणू पिंजऱ्यात बसते.

मग उपाय काय? जबलपूर हे संदेशवहनाच्या शिक्षणाचे जुने ठाणे आहे. १९११ साली स्थापन झालेल्या सिग्नल कोअरच्या जवानांस शिक्षण देणारे एक केंद्र येथे आहे आणि भारतरत्न भीमराव आंबेडकर यांच्या नावाची दूरसंचार प्रशिक्षण संस्थाही येथेच आहे. या विद्येचा पहिला धडा घरासही लागू पडतो : यंत्राची शक्ती वाढविण्यापूर्वी त्याची जागा सुधारावी. त्यास पैसाही लागत नाही.

प्रथम मोजमाप करावे. कुलपाच्या किंवा राउटरच्या अॅपमध्ये लहरींची तीव्रता ‘डीबीएम’ या मापात दिसते. हा आकडा ऋण असतो; शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६० ते उणे ६७ असल्यास समाधान मानावे. उणे ७५ च्या पलीकडे गेल्यास संदेश गळू लागतात. येथे दहा अंकांचा फरक म्हणजे शक्तीत दहापटींचा फरक, हे विसरू नये. मोजणी दार बंद करून करावी. कारण उघड्या दाराशी मिळालेला आकडा फसवा असतो.

त्यानंतर राउटरची जागा पाहावी. आपल्याकडे हे यंत्र बहुधा टीव्हीच्या मागे, पोलादी कपाटावर किंवा तार जेथून आत आली त्या कोपऱ्यात पडलेले असते. ते घराच्या मध्याकडे, पुरुषभर उंचीवर, उघड्या फळीवर ठेवावे. आरसा, फ्रीज, पाण्याची टाकी आणि माशांचे काचपात्र यांची आड टाळावी. बाहेरील दांड्या असल्यास त्या उभ्या ठेवाव्यात. कारण दांडीच्या टोकाच्या दिशेने लहरी फारशा जात नाहीत, आडव्या अंगाने पसरतात. राउटर चार-पाच फूट सरकविल्यानेही वाटेतील एखादी भिंत चुकते आणि आकडा सुधारतो.

जागा बदलूनही भागले नाही, तर दुवा वाढवावा. ब्लूटूथच्या कुलपाचा गेटवे दारापासून दहा-पंधरा फुटांच्या आत, मध्ये भिंत येणार नाही अशा ठिकाणी लावावा. वायफायच्या कुलपासाठी पुनःप्रक्षेपक, म्हणजे ‘रिपीटर’, घेता येतो. पण तो दारालगत लावण्याची चूक करू नये. जेथे मूळ लहरीच क्षीण आहेत, तेथे तो क्षीण लहरीच पुढे पाठविणार. राउटर आणि दार यांच्या साधारण मध्यावर त्याचे स्थान योग्य. घर दुमजली असल्यास दोन-तीन राउटर एकमेकांशी जोडणारी ‘मेश’ पद्धत सोयीची पडते.

राउटरच्या मांडणीत आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पुष्कळ कुलुपांस ५ गिगाहर्ट्झचा पट्टा समजत नाही, म्हणून २.४ चा पट्टा बंद केलेला नसावा. या पट्ट्यातील मार्गिकांपैकी १, ६ आणि ११ या एकमेकींवर चढत नाहीत. त्यांपैकी कमी गर्दीची निवडावी.

क्षीण लहरींचा दुष्परिणाम केवळ संपर्क तुटण्यापुरता नाही. उत्तर न मिळाल्यास कुलूप पुनःपुन्हा हाका मारीत राहते आणि त्यातील सेल लवकर संपतात. सेल वारंवार बदलावे लागत असतील, तर कुलपास दोष देण्याआधी लहरी मोजाव्यात. जबलपूरच्या मे महिन्यात पारा चाळिसांच्या वर जातो. पश्चिमेचे ऊन थेट दारावर येत असल्यास सेल लवकर झिजतात व कधी पाझरतातही. जुने-नवे सेल एकत्र घालू नयेत. पुनःपुन्हा भारता येणारे १.२ व्होल्टचे सेल कंपनीने मान्य केले असल्याखेरीज वापरू नयेत. त्यांवरून उरलेल्या शक्तीचा अंदाज चुकतो.

वीज गेली की राउटरही मूक होतो, याचा विचार पुष्कळांच्या मनात येत नाही. त्यास वीज फार लागत नाही. त्याची जोडणी इन्व्हर्टरवर घ्यावी किंवा राउटरसाठी मिळणारा लहान बॅटरीसंच बसवावा. गेटवेचीही हीच व्यवस्था करावी.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. मोबाइलचे सिग्नल वाढविणारे संच बाजारात खुलेआम विकले जातात. परंतु परवान्यावाचून ते बसविणे कायद्यास मान्य नाही आणि त्यांमुळे आसपासच्या सर्वांच्या संभाषणात व्यत्यय येतो. वर सांगितलेला वायफायचा रिपीटर निराळा. तसेच लहर दूरवर पोहोचू लागली की ती रस्त्यावरही ऐकू जाते. म्हणून राउटरचा मूळचा संकेतशब्द बदलावा, डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ हे संरक्षण चालू ठेवावे आणि कुलपाची सुधारित प्रणाली वेळोवेळी भरून घ्यावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र लहरींच्या कक्षेबाहेरची आहे. दाराची आतली कडी लावलेली असेल, तर उत्तम लहरीही व्यर्थ होत. एकटे राहणाऱ्या वडीलधाऱ्यांशी याविषयी मोकळेपणाने बोलून, कडीऐवजी कुलपाच्याच अडसरावर भिस्त ठेवावी की नाही, हे घरच्यांनी मिळून ठरवावे. साधी किल्ली विश्वासू शेजाऱ्यांकडे ठेवावीच. काही कुलुपांच्या तळाशी ९ व्होल्टचा सेल टेकविण्याची सोय असते; ती कोठे आहे हे घरातील प्रत्येकास ठाऊक असावे.

महिन्यातून एक दिवस ठरवून, दूर असलेल्या मुलाने वा मुलीने कुलूप उघडून पाहावे आणि आईवडिलांनी दाराशी उभे राहून ते उघडल्याचे सांगावे. पाच मिनिटांचे हे काम आहे. त्यात यंत्राची परीक्षा होते, सेलांची होते, आणि त्या निमित्ताने घरच्यांची विचारपूसही होते.