चंद्र दिसतो, गच्ची बंद

संकष्टीच्या रात्री मीरा रोडच्या शांती नगरात एक ओळखीचे दृश्य दिसते. कॅलेंडरच्या चौकटीतली चंद्रोदयाची वेळ सकाळीच पाहून ठेवलेली असते, नैवेद्याचे ताट झाकलेले असते आणि घरातले कोणी तरी खिडकीच्या ग्रिलमधून मान वाकडी करून पूर्वेकडे पाहत असते. समोरची इमारत आड येते. मग सेक्रेटरीकडे गच्चीची किल्ली मागितली जाते. करवा चौथला तीच किल्ली दुसऱ्या घरात जाते, रमजानच्या अखेरीस तिसऱ्या. चंद्र दिसतो, हात जोडले जातात किंवा मुबारकबाद दिली जाते आणि पाच-दहा मिनिटांत कुलूप पुन्हा लागते.

त्या कुलपाबद्दल थोडे बोलायला हवे. कारण शांती नगरासारख्या दाट वस्तीतून ज्या परक्या भूमीचा भूगोल डोळ्यांनी वाचता येतो, ती एकच आहे: चंद्र. आकाशगंगा पाहायला वांगणीसारख्या ठिकाणी, शहराच्या उजेडापासून दूर जावे लागते. चंद्राला रस्त्यावरच्या दिव्यांचा काहीही त्रास होत नाही. सूर्याकडे पाहण्यात डोळ्यांना धोका असतो, तसा चंद्राकडे पाहण्यात नसतो, दुर्बिणीतूनही नाही. हवी ती मोकळी पूर्व-पश्चिम आणि अर्धा तास. शांती नगरात या दोन्ही गोष्टी चौथ्या-पाचव्या मजल्याच्या वर आहेत, दाराला कुलूप आहे आणि किल्ली फक्त सणाला मिळते.

चंद्राचा नकाशा ही हौशी लोकांची करमणूक आहे, असे वाटत असेल तर चार वर्षांच्या अंतराने झालेले दोन प्रसंग आठवावेत. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर आदळला. त्याला उतरण्यासाठी ठरवलेली जागा ५०० मीटर लांब आणि तेवढीच रुंद होती. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्रयान-३ चा विक्रम अलगद उतरला, तेव्हा त्याच्यासाठी ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटरचा पट्टा आखलेला होता. इंजिनाचे नियंत्रण, सॉफ्टवेअर, पायांची मजबुती यांतही सुधारणा झाल्या होत्या. पण एवढा मोठा पट्टा बिनधास्त आखता आला, तो तिथल्या खड्ड्यांची, उतारांची आणि धोंड्यांची बारीक माहिती हाती होती म्हणून. ती माहिती चंद्रयान-२ च्या ऑर्बिटरवरच्या कॅमेऱ्याने जमवली होती. सुमारे १०० किलोमीटर उंचीवरून तो पाव मीटरच्या आसपासचा तपशील टिपतो. चंद्रयान-१ चा नकाशे काढणारा कॅमेरा २००८ मध्ये ५ मीटरपर्यंतचा तपशील पाहत होता. उतरताना विक्रमने खालच्या जमिनीचे फोटो काढून आपल्याजवळच्या चित्रांशी ताडून पाहिले आणि सुमारे १५० मीटर उंचीवर थबकून निर्धोक जागा निवडली. अनोळखी गावात शिरताना आपण हातातला नकाशा आणि समोरचा नाका जुळवतो, तसेच हे.

ज्या देशाने हे करून दाखवले, तिथे नकाशा वाचणारे किती आहेत, हा खरा प्रश्न आहे. चंद्रयान-३ 'चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर' उतरले, असे आजही सर्रास लिहिले-बोलले जाते. शाळांच्या भिंतींवरच्या तक्त्यांतही ते सापडते. विक्रम उतरला ती जागा, 'शिवशक्ती', सुमारे ६९.४ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. चंद्राचा दक्षिण ध्रुव तिथून सहाशे किलोमीटरहून थोडा अधिक दूर आहे. योगायोग असा, की अंटार्क्टिकातले भारताचे 'भारती' हे संशोधन केंद्रही पृथ्वीच्या जवळजवळ याच दक्षिण अक्षांशावर आहे. 'भारती' दक्षिण ध्रुवावर आहे असे कोणीही म्हणत नाही, कारण तो नकाशा आपण पाहिलेला असतो. चंद्राच्या बाबतीत मात्र गोलाचा खालचा भाग म्हणजे ध्रुव, एवढ्यावर भागते. यात इस्रोच्या कामगिरीला कमीपणा येत नाही. तोपर्यंत इतक्या दक्षिणेला कोणीही अलगद उतरले नव्हते. पण अभिमान बाळगायचा तर तो नेमका असावा.

नेमकेपणा कुठे नेतो, याचेही उदाहरण याच मोहिमेत आहे. २०१९ मध्ये आदळलेल्या विक्रमचे अवशेष शोधण्यासाठी नासाने आपल्या यानाने काढलेली त्या परिसराची चित्रे सर्वांसाठी खुली केली. चेन्नईतले एक अभियंते षण्मुग सुब्रमण्यन यांनी आधीची आणि नंतरची चित्रे घरच्या संगणकावर शेजारी-शेजारी ठेवली आणि रात्री जागून ठिपका-ठिपका ताडून पाहिला. आधी नसलेला एक उजळ ठिपका त्यांना सापडला. तो मुख्य आघातस्थळापासून सुमारे ७५० मीटर वायव्येला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नासाने त्यांच्या नावासह त्याला दुजोरा दिला. ते अवकाशशास्त्रज्ञ नव्हते. एकच जागा पुन्हा पुन्हा पाहण्याची चिकाटी त्यांच्याकडे होती. चंद्रयानाची माहितीही आता इस्रोच्या 'प्रदान' या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य मिळते. म्हणजे चित्रे घरात आली आहेत. ती पाहायची सवय मात्र अजून लागायची आहे.

ही सवय पडद्यावर लागत नाही, आकाशाखाली लागते. शाळेच्या भूगोलात चंद्रकला आहेत, ग्रहणे आहेत, भरती-ओहोटी आहे. परीक्षेत आकृती काढली की पाच गुण मिळतात. पण छापील नकाशा घेऊन मूल खिडकीत आले, तर पहिल्याच दिवशी फसते. नकाशात उत्तर वर असते. मीरा रोड १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे उगवणारा चंद्र जवळजवळ आडवा पडलेला असतो, त्याची उत्तर डाव्या हाताला येते. मावळताना तीच उजवीकडे जाते. नकाशा चुकलेला नसतो, फिरवून धरायचा असतो. हे एकदा गच्चीवर कळले की जन्मभर विसरत नाही.

पाहायचे काय, याचे वेळापत्रक आपल्या पंचांगात तयार आहे. ईदची बारीक कोर दिसल्यावर दोन-तीन दिवसांनी, कोरीच्या सूर्याकडच्या काठाजवळ एक गडद अंडाकृती डाग उमटतो. त्याचे नाव मारे क्रिसियम, म्हणजे संकटांचा समुद्र. त्यात पाण्याचा थेंब नाही. लाव्हा थिजून झालेले ते सुमारे साडेपाचशे किलोमीटरचे मैदान आहे. गंमत अशी, की संकष्टीला उगवणाऱ्या चंद्राचा वरचा काठ खाल्लेला दिसतो आणि त्याच खाल्लेल्या भागात हा संकटांचा समुद्र जवळजवळ सगळा बुडालेला असतो. आपल्याला चंद्रावर जो ससा दिसतो, त्याचे डोके म्हणजे मारे ट्रँक्विलिटाटिस. अपोलो-११ चे अंतराळवीर १९६९ मध्ये तिथेच उतरले. षष्ठी-सप्तमीला 'शिवशक्ती'च्या परिसरात सकाळ झालेली असते. चंद्रयान-३ उतरले तो दिवसही श्रावण शुद्ध सप्तमीचाच होता. विक्रम कुठल्याही दुर्बिणीला दिसणार नाही. मात्र त्याच्या जवळचे, जवळपास शंभर किलोमीटर व्यासाचे मँझिनस हे विवर लहान दुर्बिणीतून चंद्राच्या दक्षिण काठाशी ओळखता येते. अष्टमीला उजेड-अंधाराच्या रेषेवर डोंगरांच्या सावल्या लांबच लांब पडतात. अशाच सावल्या आणि उजळलेली शिखरे पाहून गॅलिलिओने चार शतकांपूर्वी चंद्रावरच्या पर्वतांची उंची काढली होती. पौर्णिमेचा चंद्र मात्र यासाठी सर्वांत कुचकामी. सावल्या नसल्याने तो सपाट दिसतो. भाद्रपदातल्या चतुर्थीला ज्यांना चंद्र पाहायचा नसेल, त्यांनी खुशाल पाहू नये. बाकीच्या शुक्ल चतुर्थ्या मोकळ्याच आहेत.

हे ज्ञान या शहराला अगदीच परके नाही. भाईंदरच्या मिठागरांत खाडीचे पाणी उधाणाच्या भरतीला घेतले जाई. किनाऱ्यावरच्या कोळी-आगरी घरांत तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडी सांगितली जाते: अष्टमीला साधारण सहा वाजता. त्या माणसांना चंद्र रोज लागत होता. सेक्टरांच्या इमारती उभ्या राहिल्या तसा तो सणांपुरता उरला.

गच्ची बंद ठेवणाऱ्या सोसायट्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. कठडे बुटके असतात, पाण्याच्या टाक्या उघड्या राहतात, रात्री-अपरात्री मुले वर जमली की तक्रारी येतात आणि काही विपरीत घडले तर सेक्रेटरीलाच उत्तर द्यावे लागते. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय कायमचे कुलूप हाच एक नाही. महिन्यातल्या दोन-तीन संध्याकाळी, शुक्ल चतुर्थी ते अष्टमीच्या दरम्यान, सात ते आठ, दोन मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, नाव नोंदवून गच्ची उघडता येते. हल्ली वर्गणी डेकोरेशनला आणि साउंडला निघते, तशी एकदा दहा बाय पन्नासच्या एका साध्या दुर्बिणीसाठीही निघू शकते. शाळांनी चंद्राचा एक कोरा गोल छापून द्यावा आणि आठ दिवसांत दिसलेले डाग मुलांनी स्वतः भरावेत, एवढा गृहपाठ द्यावा. मार्गदर्शन लागलेच तर मुंबईत खगोल मंडळ आणि नेहरू तारांगण आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये चंद्रयान-४ ला मंजुरी दिली. ते चंद्रावरची माती आणि खडक पृथ्वीवर आणणार आहे. ती माती नेमकी कुठल्या उतारावरची, शेजारचे विवर कुठले, हे विचारणारी आणि सांगणारी माणसे आज कुठल्या तरी शाळेत सातवी-आठवीत आहेत. त्यातली काही शांती नगरातही असतील. त्यांच्या डोक्यावर चंद्र रोज येतो. पुढच्या संकष्टीला किल्ली मागायला जाणाऱ्याने ती परत करताना सेक्रेटरीला एवढेच विचारावे: येत्या शुक्ल चतुर्थीला तासभर मिळेल का?