पुस्तकातला बैल आणि दावणीचा बैल



पोळ्याच्या दिवशी बैलाला पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी पुन्हा जू. यात लाजण्यासारखे काही नाही. बैल आपला देव आहे आणि भागीदारही. पण गावाबाहेरच्या जगात जनावरांविषयी जे लिहिले जाते, छापले जाते, शाळेत शिकवले जाते, त्यात हा भागीदार कुठे दिसतो का, हे पाहावे म्हणून आम्ही काही पुस्तके चाळली. तालुक्याच्या वाचनालयात जनावरांच्या पुस्तकांचे एक कपाट असते. त्यात वाघ आहे, हत्ती आहे, पक्षी आहेत. दुधाच्या गाईंवरची पुस्तकेही आहेत. बैल मात्र शोधावा लागतो. म्हातारा बैल तर शोधूनही सापडत नाही.

ही पुस्तके कोणी लिहिली आणि कोणासाठी, हा प्रश्न आमच्यासाठी रिकामटेकडा नाही. कायदे करणारे, निकाल देणारे आणि वर्तमानपत्रात अग्रलेख लिहिणारे हीच पुस्तके वाचून मोठे झालेले असतात.

सर्वांना ठाऊक असलेल्या पुस्तकापासून सुरुवात करू. मोगलीची गोष्ट घरोघर पोचली ती दूरदर्शनमुळे, पण मूळ पुस्तक रुडयार्ड किपलिंग यांचे, १८९४ सालचे. गोष्ट घडते शिवनीच्या डोंगरात, म्हणजे आमच्या नागपूरच्या उत्तरेला. मोगली गावात येतो, म्हशी राखतो, म्हशींच्याच पायाखाली वाघाला तुडवून मारतो. इथपर्यंत मुलांना ठाऊक असते. १८९५ साली याचा दुसरा भाग आला, त्यातली एक गोष्ट मात्र शेतकऱ्याने मुद्दाम वाचावी. गावकरी मोगलीला सांभाळणाऱ्या बाईवर चेटकिणीचा आळ घेतात, तिला आणि तिच्या नवऱ्याला जाळायला निघतात. याचा सूड म्हणून मोगली हत्ती, हरणे, रानडुकरे आणि रोही गावावर सोडतो. उभी पिके खाल्ली जातात, धान्याची कोठारे फुटतात, घरे पडतात, गाव ओस पडते, त्यावर जंगल वाढते. गोष्ट तिथे संपते आणि वाचणाऱ्याला बरे वाटते.

गावकऱ्यांनी केले ते वाईटच होते. चेटकिणीच्या नावाखाली बाईला जाळणाऱ्यांची बाजू आम्ही घेणार नाही. पण शिक्षा कसली दिली, ते पाहा. पीक खाल्ले गेले. गावातल्या प्रत्येकाचे, गुन्हा केलेल्याचे आणि न केलेल्याचेही. ज्याने ज्वारी हुरड्यात आली असताना थंडीत रात्र रात्र जागल केली आहे आणि तरीही सकाळी रोह्यांच्या कळपाने तुडवलेला पट्टा पाहिला आहे, त्याला ही गोष्ट गोड लागणार नाही. पुस्तकात आपला सर्वनाश हा गोष्टीचा आनंदी शेवट आहे. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जगभरची मुले तो वाचत आहेत. त्यातलीच काही मोठी होऊन पिकाच्या नुकसानीच्या फायली हाताळतात. १९७२ सालच्या वन्यजीव कायद्याने रानातली जनावरे राखली, हे चांगले झाले. पण ती राखण्याचा खर्च कोणाच्या शिवारातून वसूल होणार, हे त्या कायद्याने सांगितले नाही. ज्याचे जळते त्याला कळते.

रुडयार्ड यांचे वडील लॉकवूड किपलिंग १८६५ साली मुंबईच्या कलाशाळेत शिकवायला आले. त्यांनी १८९१ साली हिंदुस्थानातील माणूस आणि जनावर यांवर एक जाडजूड पुस्तक लिहिले. हा माणूस जनावराला पूजतो आणि छळतोही, असा त्या पुस्तकाचा रोख आहे. निरीक्षण अगदी खोटे नाही. बैलाची शेपटी पिळणारे आपल्यातही आहेत आणि त्यांना चार शब्द सुनवायलाच हवेत. पण पूजा आणि पराणी यांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे हिशेब. वैरण किती आहे, पेरणी किती राहिली आहे, सावकार कधी येणार आहे. साहेबाला पूजा दिसली, पराणी दिसली. हिशेब दिसला नाही.

सगळेच साहेब असे नव्हते. डॉ. व्होल्कर नावाचे रसायनशास्त्रज्ञ १८८९ साली इकडची शेती सुधारायला म्हणून आले. देशभर फिरले आणि १८९३ च्या अहवालात त्यांनी लिहिले की इथला रयत शेतीच्या कसबात इंग्लंडातल्या सामान्य शेतकऱ्यापेक्षा कमी नाही, काही बाबतीत सरसच आहे. त्याला कमी पडतात त्या सोयी. शेण चुलीत जाते कारण जळण नाही, हे त्यांनी ओळखले आणि सरपण व चारा यांसाठी राखीव राने करा, असे सुचवले. त्यांच्याही आधी, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात बैल आहे, चराई आहे आणि जंगल खात्याने बंद केलेली कुरणे आहेत. गोऱ्या सैनिकांच्या खाण्यासाठी होणारी गाईबैलांची कत्तल थांबवा, असे फुल्यांनी सांगितले. ते शेतीला बैल पुरत नाहीत म्हणून सांगितले. जनावराकडे पाहण्याची ही कुणब्याची रीत आहे. आधी हिशेब मांडायचा, मग बोलायचे.

आता पशुपालनाच्या पुस्तकांकडे येऊ. ती सरसकट टाकाऊ आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळात बुळकांडी आली की गावची दावण रिकामी होत असे. १८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा निघाली, ती १८९३ साली हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. तिथल्या संशोधनातून लस निघाली, गावोगाव टोचली गेली, आणि २०११ साली बुळकांडी पृथ्वीवरून संपल्याचे जाहीर झाले. हे शास्त्राचे उपकार आहेत. घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत यांच्या लसी ज्या पुस्तकात दिल्या आहेत, ते घरात असलेच पाहिजे. २०२२ साली लम्पी आला तेव्हा अंगारे-धुपारे करणाऱ्यांपेक्षा वेळेवर टोचून घेणाऱ्यांची जनावरे वाचली.

पण याच पुस्तकांत खर्च-उत्पन्नाचा तक्ता असतो तो दुधाच्या गाईचा. गाय एवढी खाते, एवढे दूध देते, एवढा नफा उरतो. बैलाचा तक्ता आम्हाला दिसला नाही. आणि औताला न चालणाऱ्या बैलाचे काय करायचे, या प्रश्नावर सगळी पुस्तके गप्प.

म्हणून तो तक्ता आम्ही मांडतो. बैल रोज आपल्या वजनाच्या साधारण अडीच टक्के कोरडी वैरण खातो. चारशे किलोचा बैल धरला तर दिवसाला दहा किलो, वर्षाला छत्तीस क्विंटल. कोरडवाहू ज्वारीचा कडबा एकरी पंधरा क्विंटल पडला, असे समजू. म्हणजे एका बैलाला जवळजवळ अडीच एकराचा कडबा. जोडी असेल तर पाच एकरांचा. तुमच्या शिवारात कडबा कमी-जास्त पडत असेल, आकडे बदलून पाहा. बैल थकल्यावर आणखी पाच वर्षे जगला तर एकशे ऐंशी क्विंटल कडबा. ढेप, पाणी, औषध आणि घरच्या बाईची मेहनत यात धरलेली नाही. त्या बाईची मेहनत तर कोणत्याच तक्त्यात कधी धरली जात नाही.

पूर्वी हा हिशेब बाजारात मिटत असे. थकलेला बैल विकला जाई. त्या पैशात थोडी भर घालून खोंड घेतला जाई. रुमालाखाली बोटे दाबून सौदा होई. डोळ्यांत पाणी येई, नाही असे नाही. पण पुढची पेरणी होई. १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला बंदी होती, बैलाला दाखला घेऊन परवानगी होती. १९९५ साली विधिमंडळाने बैलालाही बंदी करणारी दुरुस्ती मंजूर केली. तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली वीस वर्षांनी, २०१५ साली. तेव्हापासून कापण्यासाठी बैल विकणे हाच गुन्हा झाला. कापणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद. शेतीसाठी विकायला मोकळीक आहे, पण थकलेला बैल शेतीसाठी घेणार कोण? आणि चांगला बैल गाडीत घालून बाजाराला निघालेल्यालाही वाटेत कोण अडवील, याची धास्ती असतेच.

न्यायालयाचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की गाईवर संपूर्ण बंदी चालेल, पण कामातून गेलेल्या बैलावरही बंदी घालणे वाजवी नाही. २००५ साली सात न्यायाधीशांच्या पीठाने हे मत बदलले. म्हातारा बैलही शेण आणि मूत्र देतो, म्हणून तो निरुपयोगी नाही, असा त्यातला एक मुद्दा. शेणाची किंमत आम्हाला कोणी सांगायला नको. पण शेण आभाळातून पडत नाही, ते कडब्यातून येते. कडब्याचे बिल कोण भरणार, हे निकालात नाही आणि पुस्तकातही नाही.

हे ज्याला कळले असा एक लेखक होता, बंगालचे शरच्चंद्र चट्टोपाध्याय. त्यांची शंभर वर्षांपूर्वीची ‘महेश’ ही गोष्ट वाचनालयात शोधा. गफूर हा गरीब विणकर, महेश हा त्याचा म्हातारा बैल. दुष्काळ पडलेला आहे. गावचा पंडित येतो, बैलाला उपाशी ठेवतोस म्हणून गफूरला झापतो. गफूर त्याच्याकडे थोडा पेंढा उसना मागतो. पंडित देत नाही, निघून जातो. आज बैलाचा पुळका असलेल्या पुष्कळांची गाठ या पंडिताशी घालून द्यावी असे आम्हाला वाटते. शेवटी संतापाच्या एका घावात महेश गफूरच्याच हातून मरतो आणि तो मुलीचा हात धरून रातोरात गाव सोडतो, तागाच्या गिरणीत मजुरीला. बैल गेला आणि शेतकरीही गेला.

आता आकडे पाहा. सरकारच्याच २०१९ च्या पशुगणनेत देशातली गोवंशातली मादी जनावरे २०१२ च्या मानाने अठरा टक्क्यांनी वाढली. नर जनावरे ६ कोटी ७९ लाखांवरून ४ कोटी ७४ लाखांवर आली, म्हणजे सात वर्षांत तीस टक्के घट. त्याच काळात शेळ्या दहा टक्क्यांनी वाढल्या. ट्रॅक्टर आला हे बैल कमी होण्याचे मोठे कारण आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण शेळीकडे पाहा. शेळीसाठी सण नाही, संरक्षणाचा कायदा नाही. गरज पडली की मंगळवारी बांधायची आणि बुधवारी विकायची एवढे स्वातंत्र्य आहे. जिला बाजार आहे ती वाढते आणि ज्याला नुसते संरक्षण आहे तो घटतो. गौळाऊ, देवणी, लाल कंधारी, खिल्लार या जातींचे गुणगान पुस्तकात वाचायला बरे वाटते. पण या जाती कोणत्याही खात्याने घडवलेल्या नाहीत. चांगल्या खोंडाला चांगला भाव देणाऱ्या बाजाराने आणि निवड करून पैदास करणाऱ्या शेतकऱ्याने त्या घडवल्या. गिऱ्हाईक गेले की जात जाते. मग संवर्धनाच्या योजना निघतील आणि बैल गेला आणि झोपा केला, अशी गत होईल.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. थकलेला बैल विकण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला परत द्या. ते द्यायचे नसेल, तर त्या बैलाच्या वैरणीचा पूर्ण खर्च सरकारने सोसावा. दुसऱ्याच्या दावणीला पुण्य बांधून आपण मोकळे व्हायचे, हे चालणार नाही. रानातल्या जनावरांनी खाल्लेल्या पिकाची भरपाई बाजारभावाने आणि पुढच्या पेरणीच्या आत मिळावी. आणि पशुपालनावर सरकारी पैशाने छापलेल्या प्रत्येक पुस्तकात बैलाच्या जमाखर्चाचे एक पान असावे.

पण दुसऱ्याने लिहावे म्हणून वाट किती पाहायची? मारुती चितमपल्ली यांनी वन खात्यात नोकरी करता करता रानातल्या आदिवासींकडून, मासेमारांकडून, पारध्यांकडून पाखरांची आणि झाडांची नावे गोळा केली आणि मराठीला एक भांडार दिले. २०२५ साली ते गेले. त्यांना सांगणारी माणसे शाळा शिकलेली नव्हती, पण ज्ञान त्यांचे होते. आमच्याही गावात अशी माणसे आहेत. दात बघून वय सांगणारा, चालीवरून खोंड पारखणारा, अडलेली गाय मोकळी करणारी म्हातारी. ही माणसे आहेत तोवर त्यांचे लिहून घ्या.

तेव्हा पुढच्या जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने एक दोनशे पानी वही आणावी. त्यात गावातल्या बैलांची संख्या, दहा वर्षांपूर्वी होती ती आणि आज आहे ती. बैल किती रुपयांना घेतला, किती वर्षे चालला, काय खाल्ले, शेवटी त्याचे काय झाले. रोही आणि डुकरांनी कोणत्या तारखेला किती खाल्ले, अर्ज कधी केला, पैसे कधी आले. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे, पोरांनी लिहावे. बायकांचा हिशेब बायकांनीच सांगावा. शब्द वाकडेतिकडे असले तरी चालतील, आकडे मात्र खरे हवेत. जनावरांचे जे पुस्तक कपाटात सापडत नाही, ते या वह्यांतूनच निघेल.