मालवणचे आचरेकर सर आणि स्टंपवरचं नाणं

रमाकांत आचरेकर सरांचं नाव निघालं की सचिन तेंडुलकरचे गुरू एवढीच ओळख सांगितली जाते. ती खरी आहे, पण अपुरी आहे. सर १९३२ साली मालवणात जन्मले आणि २ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत वारले. म्हणजे ते आपल्या सिंधुदुर्गाचे. म्हणून त्यांच्याकडून काय घ्यायचं, हा प्रश्न आपलाही आहे.

सर स्वतः मोठे खेळाडू झाले नाहीत. स्टेट बँकेत नोकरी करत असताना बँकेच्या संघाकडून ते प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, १९६३-६४च्या मोईन-उद-दौला स्पर्धेत. पुढचं आयुष्य शिवाजी पार्कच्या मातीत गेलं. बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर, रमेश पोवार असे कितीतरी खेळाडू त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये सचिन आणि विनोद यांनी केलेली ६६४ धावांची भागीदारी शारदाश्रम शाळेची, म्हणजे सरांच्याच पोरांची. १९९० मध्ये द्रोणाचार्य आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली.

त्यांची स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायची पद्धत प्रसिद्ध आहे. सचिनला जो बाद करेल, नाणं त्याचं. कोणीच बाद करू शकलं नाही, तर सचिनचं. सचिनने अशी तेरा नाणी मिळवली आणि आजवर जपली. हा साधा नियम नीट पाहा. नाणं कोणाला मिळणार हे फक्त खेळावर ठरतं. नाव, मोहल्ला, बापाचा धंदा यांचा तिथे संबंध नाही.

सरांचं सगळंच डोक्यावर घ्यावं असं नाही. सराव चुकवून मोठ्या मुलांचा सामना बघायला गेला म्हणून सरांनी सचिनला थप्पड मारली होती, हे सचिननेच सांगितलं आहे. तो किस्सा आपण कौतुकाने ऐकतो. पण मारल्याशिवाय शिस्त लागत नाही, असा धडा आजच्या कोच आणि शिक्षकांनी त्यातून घेऊ नये. मैदानावर रोज वेळेवर हजर राहणारा शिक्षक, ही खरी शिस्त.

आता त्याच मालवणकडे बघू. २३ फेब्रुवारी २०२५ रोजी भारत-पाकिस्तान सामना झाला. सामन्याच्या वेळी एका अल्पवयीन मुलाने देशविरोधी घोषणा दिल्याची तक्रार झाली. दुसऱ्याच दिवशी त्या कुटुंबाचं भंगाराचं दुकान अनधिकृत ठरवून पाडलं गेलं. पंधरा दिवसांच्या नोटिशीशिवाय बांधकाम पाडू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्येच आला होता. पुढे न्यायालयाने या प्रकरणात अवमानाच्या याचिकेवर नोटीस काढली. मुलगा काय बोलला ते कायदा तपासेल. पण घरच्यांची रोजीरोटी एका दिवसात मोडणं हा न्याय नव्हे. ज्या गावाने क्रिकेटला एवढा मोठा शिक्षक दिला, तिथे क्रिकेटच मुसलमान पोरांच्या देशप्रेमाची परीक्षा होऊन बसावं, याचं दुःख होतं.

याला उत्तर रुसून घरी बसणं नाही. सरफराज खानने २००९ मध्ये त्याच हॅरिस शील्डमध्ये ४३९ धावा काढल्या आणि २०२४ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पण केलं. त्यामागे वडील नौशाद खान यांची कोच म्हणून वर्षानुवर्षांची मेहनत आहे. असे शिकवणारे हात प्रत्येक वस्तीत हवेत.

सरांच्या अंत्यसंस्काराला शासकीय इतमाम मिळाला नाही, तेव्हा बरीच चर्चा झाली. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर त्यांचं स्मारकही झालं. चांगलंच झालं. पण मालवण, कणकवली, सावंतवाडीच्या तरुणांना सरांची आठवण ठेवायची तर आणखी एक काम आहे. संध्याकाळी दोन तास मैदानावर जा, लहान पोरांना शिकवा. मुलींनाही बोलवा, आणि शेजारच्या वाडीतल्या हिंदू-ख्रिस्ती पोरांनाही. एकाच संघात खेळलेली मुलं पुढे एकमेकांच्या दुकानावर जेसीबी जाताना टाळ्या वाजवणार नाहीत, एवढी आशा धरायला हरकत नाही. नाणं एक रुपयाचंच लागतं.