श्वानप्रश्नाचे मूळ कचऱ्यात

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न त्यांना उचलून दूर सोडल्याने सुटत नाही. सलग नसबंदी, रेबीज लसीकरण आणि कचऱ्याची शिस्त हाच माणुसकीचा आणि परिणामकारक मार्ग आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानुसार शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वे स्थानकांतून पकडलेली कुत्री पुन्हा तेथे सोडता येणार नाहीत. त्यामुळे वसई-विरार महापालिकेला निवारागृहे उभारावी लागतील. मात्र हा खर्च नसबंदीच्या निधीतून भागवला गेला, तर रिकाम्या झालेल्या जागी नसबंदी न झालेली कुत्री येतील आणि संख्या पूर्ववत होईल. रेबीजची साखळी तोडण्यासाठी किमान ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण आवश्यक मानले जाते. तुटक मोहिमांनी ते साधत नाही.

गोखिवरे येथे शहराची कचराभूमी आहे. तेथे आणि इतरत्र कचऱ्यातून उघड्यावर अन्न मिळत राहील, तोवर कुत्र्यांच्या टोळ्या हटणार नाहीत. महापालिकेने नसबंदी व लसीकरणाचे प्रभागनिहाय आकडे दरमहा जाहीर करावेत, निवारागृहांसाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि ओल्या कचऱ्यावर प्रभागातच प्रक्रिया करावी.